पाय शोधणारे फॉरवर्ड

नवं राज्य झालं त्याच हिवाळ्यात आमच्या टीमचे दोन्ही फुलबॅक भोपाळला गेले. टीम त्यांनी सोडली नव्हती. मध्य प्रदेशाचे दोन भाग झाले तेव्हा सरकारी माणसांचीही वाटणी झाली. वसंत पोहनकर आणि इग्नेस मिंज सिंचन खात्यात समोरासमोरच्या टेबलांवर बसत. वाटपाचे हुकूम आले तेव्हा दोघांचीही नावं पलीकडच्या बाजूला निघाली. घरातला दिवाळीचा चिवडा संपायच्या आत ते रुजू व्हायला गेले. त्यांच्याबरोबर आमचे जवळजवळ सगळे गोलही गेले.

हॉकी न पाहिलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. फुलबॅकचं काम गोल वाचवायचं. गोल मारायला पुढे फॉरवर्ड असतात. आमच्याकडे तसं नव्हतं. गोलसमोर चुन्याने आखलेल्या अर्धगोलाला डी म्हणतात. डीमध्ये बचाव करणाऱ्याच्या पायाला चेंडू लागला की समोरच्या टीमला शॉर्ट कॉर्नर मिळतो. मागच्या रेषेवरून एकजण चेंडू आत ढकलतो, डीच्या तोंडाशी एकजण तो अडवतो आणि दुसरा मारतो. आमच्याकडे अडवायचे मिंज आणि मारायचे पोहनकर. मुरमाच्या मैदानावर चेंडू सरळ येत नाही, खड्याखड्यावर उडतो. मिंज गुडघ्यावर बसून स्टिक आडवी टाकत आणि चेंडू तिथल्या तिथे गप्प होई. मग गोलच्या आतल्या लाकडी फळीचा आवाज येई. ब्राह्मणपारा या आमच्या मराठी मोहल्ल्यात घरी बसलेल्या लोकांनाही तो आवाज ओळखू येतो असं पोहनकर वहिनी सांगत. मैदान त्यांच्या घरापासून बरंच लांब होतं, पण कोणी ते काढत नसे.

दिवाळी आटोपली की रायपूरची हवा कोरडी होत जाते. गावाच्या कडेने कापलेल्या धानाचा वास येतो. तेलीबांध्याच्या तळ्यावर सकाळी पातळ धुकं असतं आणि फिरायला आलेले लोक कानटोप्या घालून मोठमोठ्याने बोलत जातात. हॉकीचा मोसम हाच. त्या काळी या दिवसांत घरोघरी अळशीच्या तेलाचा वास येई. स्टिक तेल पाजून उन्हात भिंतीला टेकवून ठेवलेल्या असत आणि त्यांच्याखाली फरशीवर डाग पडत. आताच्या स्टिकला तेल लागत नाही, ती लाकडाची नसते. परवा निळ्या टर्फवर मुलींचा सराव चालू होता. पाण्याने भिजवलेल्या त्या टर्फवर चेंडू रेषा ओढल्यासारखा जातो. शॉर्ट कॉर्नर एक फुलबॅकच मारत होती. तिचे चेंडू एकापाठोपाठ एक आत जात होते आणि बाकीच्या मुली पाण्याच्या बाटल्या घेऊन निवांत उभ्या होत्या. त्या निवांतपणाची ओळख पटायला वेळ लागला नाही.

आमचे फॉरवर्ड असेच निवांत झाले होते. त्यांनी गोल मारायचं कधीच सोडून दिलं होतं. त्यांचं काम पाय शोधायचं.

ही पद्धत रामभाऊ गावंडे यांची. रामभाऊ रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर त्यांनी टीम हातात घेतली. सगळे त्यांना गार्डकाका म्हणत. सरावाला ते नोकरीतलीच शिट्टी वापरत, त्यामुळे नवा खेळाडू पहिल्या दिवशी दचकून मागे पाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. "गोल एकच असते बे. अन् त्याच्यात एक माणूस पॅड बांधून उभा असते. पाय किती असतात समोर? जे जास्त दिसून राहिलं त्याले मारा. बाकी वसंता पाहून घेईल."

वसंता, म्हणजे पोहनकर, पाहून घेत होते. त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती.

पाय शोधण्यात सेंटर फॉरवर्ड सतीश उरकुडेचा हात धरणारा कोणी नव्हता. सतीश पंख्यांच्या जळलेल्या मोटारी पुन्हा बांधायच्या दुकानात काम करी. चेंडू घेऊन डीमध्ये शिरला की तो मान खाली ठेवी. समोरच्याच्या अंगाचा भार कोणत्या पायावर आहे, एवढंच बघे. भार असलेला पाय वेळेवर उचलता येत नाही. चेंडू तिथेच जाई. पंचाची शिट्टी वाजायच्या आधीच सतीश हात वर करून मागे वळलेला असे. गोलकडे त्याचं तोंड क्वचितच होई.

दुसऱ्या दिवशी पेपरात गोल करणाऱ्याचं नाव येई. कॉर्नर मिळवणाऱ्याचं नाव येत नाही. त्या बातम्या मीच लिहीत असे. चार ओळींच्या बातमीत तेवढीच जागा असते. सतीशची आई पेपर वाचून म्हणे, "सारा दिवस पळते माझा पोट्टा, अन् नाव येते पोहनकरचं. तुमच्या पेपराले डोळे नाहीत काय?" सतीश हसे. तेव्हा त्याचं काही अडत नव्हतं.

त्या हिवाळ्यात अडलं. नव्या राज्याची पहिली हॉकी टीम निवडली जाणार होती. आतापर्यंत निवड भोपाळला होई आणि इकडच्या मुलांची नावं तिथपर्यंत पोचली तर पोचली. आता निवड रायपुरात होणार होती, जानेवारीतल्या स्पर्धेतले सामने पाहून. राज्याच्या टीममध्ये आलेल्या मुलांना नव्या सरकारात नोकऱ्या मिळतील, असं सगळीकडे बोललं जात होतं. सतीशचं वय आणखी एखादा हिवाळा साथ देणार होतं. त्याच्या लग्नाची बोलणी दुर्गमध्ये दोनदा होऊन थांबली होती. मुलीकडचे लोक दुकान बघून परत गेले होते.

डिसेंबरच्या सुरुवातीला निवड समितीतले एक गृहस्थ आमच्या मैदानावर आले. बॅक गेल्यानंतरचा तो आमचा पहिला सामना. सतीशने नेहमीसारखे पाय शोधले, कॉर्नर मिळत गेले. पोहनकरांच्या जागी सेंटर हाफने मारून पाहिलं, मिंजच्या जागी लेफ्ट हाफने अडवून पाहिलं. एक चेंडू अडवणाऱ्याच्या नडगीला लागला, एक मारणाऱ्याने हवेत मारला. एक तर मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीत गेला आणि टपरीवाल्याने तो सामना संपेपर्यंत दिला नाही. एकदा सतीशच्या समोरून गोलकीपर घसरून पडला. गोल उघडा होता. सतीशने चेंडू डावीकडे वळवला, धावत आलेल्या बॅकच्या बुटावर नेमका मारला आणि हात वर केला.

सामना संपल्यावर गृहस्थांनी गार्डकाकांना विचारलं, "ये लड़का सेंटर फॉरवर्ड है? पिछले साल गोल कितने मारे इसने?"

गार्डकाका म्हणाले, "साहब, कॉर्नर बहुत लिए हैं."

"मैंने गोल पूछा."

सतीश तिथेच बुटांची नाडी सोडत होता. तो खाली वाकलेलाच राहिला.

त्या दिवसांत शहर भरत होतं. जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत मंत्रालय बसलं होतं. लाल दिव्यांच्या पांढऱ्या गाड्या ज्या रस्त्यांवरून जात त्या रस्त्यांना अजून गाईंची सवय होती. शंकर नगरात घर मिळेनासं झालं. भोपाळहून आलेली माणसं संध्याकाळी कुलपं, गाद्या आणि गॅसच्या नळ्या विकत घेताना दिसत. बहुतेक एकेकटी आलेली असत. बायकामुलं शाळेचं वर्ष संपेपर्यंत तिकडेच होती. चौकात उभं राहून ती एकमेकांना विचारत, रोटी कहाँ अच्छी मिलती है.

गार्डकाकांनी एक हिशेब मांडला. भोपाळने आपले दोन बॅक नेले. भोपाळहून इतकी माणसं आली. भोपाळ हॉकीचं गाव. तेव्हा त्यांच्यात दोन बॅक असलेच पाहिजेत. यात चूक आहे असं तेव्हा आमच्यापैकी कोणाला वाटलं नाही. पंधरवडाभर आम्ही सायकली आणि लुना घेऊन शंकर नगरातल्या सरकारी क्वार्टरांमध्ये हिंडलो. दार उघडलं की गार्डकाका नमस्कार करून विचारत, "भैया, हॉकी खेलते हो क्या? बॅक पे?" एका अधिकाऱ्याला आम्ही वर्गणी मागणारे वाटलो आणि त्याने आतूनच नाही म्हणून सांगितलं. एका बाईंनी आमच्याकडून गॅस सिलिंडर आत ठेवून घेतला. एकाने चहा पाजला, भोपाळच्या मोठ्या सामन्यांच्या गोष्टी अंधार पडेपर्यंत सांगितल्या आणि शेवटी गुडघ्याचं ऑपरेशन दाखवलं.

हो म्हणणारा एकच भेटला. भटनागर नावाचा स्टेनो, चाळिशीचा, किडकिडीत. "हाँ, खेलते थे," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो ऑफिसचे बूट घालून मैदानावर हजर होता. स्टिक त्याने झाडू धरावी तशी धरली. पहिलाच चेंडू मारताना ती त्याच्या हातून सुटली आणि गार्डकाकांच्या पायाशी येऊन पडली.

गार्डकाकांनी ती उचलून त्याच्या हातात दिली. "भटनागर भैया, क्या खेलते थे तुम?"

"कॅरम," भटनागर म्हणाला. मग म्हणाला, "शाम को कमरे में कोई बात करने वाला नहीं होता, दादा. आपने पूछा, तो मैंने हाँ बोल दिया."

गार्डकाकांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्याच्या हातात दिला. "रोज आना," ते म्हणाले. "बॉल उठाके देना." भटनागर रोज आला. रविवारी तो सगळ्यांसाठी पोहे घेऊन येई, जिलबी वेगळ्या पुडीत. महिनाभर त्याला आमचं मराठी समजत नव्हतं. मग समजायला लागलं, तेव्हा आपल्याबद्दल काय काय बोललं गेलं होतं तेही त्याला कळलं, आणि त्याने ते हसण्यावारी नेलं.

त्याच्यामुळेच एक गोष्ट उघड झाली. एके सकाळी बचावाला माणूस कमी होता म्हणून गार्डकाकांनी भटनागरला डीमध्ये उभं केलं. सतीश चेंडू घेऊन त्याच्यावर गेला. भटनागर घाबरला आणि दोन्ही पाय उचलून बाजूला झाला. समोर पाय नव्हता. सतीश थांबला. चेंडू स्टिकजवळ होता, पुढे रिकामा गोल होता आणि तो उभाच होता.

"मार नं बे!" गार्डकाका ओरडले.

"कुठं मारू?" सतीशने खरोखरच विचारलं.

दुसऱ्या दिवशी गार्डकाकांनी पाय शोधायला बंदी घातली. पायाला चेंडू लागला की मैदानाला चक्कर. भटनागरला रोज डीमध्ये उभं करायचं ठरलं, कारण त्याच्याइतका हमखास पाय उचलणारा दुसरा कोणी मिळाला नसता. सतीशला मान वर करायला शिकायचं होतं. ज्या वेळी तो खाली पायांकडे बघे, त्या वेळी त्याने वर गोलकडे बघायचं, एवढाच बदल होता. तिशीला आलेल्या माणसाला तो जड जात होता. दुकान बंद केल्यावर तो घरच्या भिंतीवर चेंडू मारत बसे. आई आतून म्हणे, "भिंत पडली तं गोल झाला म्हणू काय?" पहाटे धुकं इतकं असे की सरावाच्या सुरुवातीला डीमधून गोल दिसत नसे, फक्त जाळीवरचं दव दिसे. चेंडू आत गेला की बाहेर, हे फळीच्या आवाजावरून कळे. पौष लागला तरी आवाज कमीच येत होता.

स्पर्धेला बाहेरच्या टीमही बोलावल्या होत्या. सामने लागले तेव्हा आमच्या वाट्याला भोपाळची टीम आली. सिंचन खात्याची टीम. तिच्यात पोहनकर आणि मिंज होते.

दोघे आदल्या दिवशीच्या गाडीने आले. मिंजना पुढे दोन वर्षांनी अदलाबदलीत बदली मिळाली आणि ते या राज्यात परत आले. पोहनकरांना अदलाबदलीला माणूस मिळाला नाही. ते भोपाळहूनच निवृत्त झाले. तेव्हा हे दोघांनाही माहीत नव्हतं. लवकरच काहीतरी होईल असं ते सगळ्यांना सांगत होते.

सामन्याच्या दिवशी ऊन चांगलं होतं. ब्राह्मणपाऱ्यातली निम्मी घरं मैदानाच्या कडेला येऊन बसली होती. पोहनकर वहिनी शाळेत शिकवायच्या म्हणून रायपुरातच राहिल्या होत्या. मुलीला घेऊन त्या आमच्याच बाजूच्या सतरंजीवर बसल्या. कोणीतरी विचारलं, "वहिनी, आज कोणाकडून?"

"मी तं घराकडून आहे," त्या म्हणाल्या. "घर कुठं आहे ते तुम्हीच सांगा."

पोहनकर गार्डकाकांच्या पाया पडायला आले तेव्हा काका म्हणाले, "इथं नको वाकू रे. तिकडे डीमध्ये ठेव पाय, आमच्या पोट्ट्यायले दिसतील असे." सगळे हसले. पोहनकरही हसले. निवड समितीचे गृहस्थ शामियान्यात येऊन बसले होते. सतीशने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि नंतर पाहिलं नाही.

पहिल्या अर्ध्यात पोहनकरांनी आपल्या बचावाला एकच गोष्ट ओरडून सांगितली. "लगने दो! पैर पे लगने दो! कॉर्नर जाने दो!" त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडे कॉर्नर मारणारा उरला नव्हता, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? भोपाळचे बॅक सतीशच्या स्टिकपुढे पाय आडवे घालत होते. सतीश मान वर करून मारायला जाई आणि चेंडू कोणाच्या तरी बुटावर अडे. कॉर्नरवर कॉर्नर मिळाले. एकही आत गेला नाही. मग भोपाळला कॉर्नर मिळाला. मिंज गुडघ्यावर बसले, स्टिक आडवी पडली आणि पोहनकरांचा चेंडू फळीवर वाजला. आमच्या बाजूच्या सतरंजीवर टाळ्या पडल्या. मग आपण काय करतो आहोत हे लोकांच्या लक्षात आलं आणि टाळ्या थांबल्या.

मध्यंतरात भटनागर संत्र्याच्या फोडी वाटत होता. आपल्या गावच्या टीमलाही तो देऊन आला होता. गार्डकाकांचा धीर सुटला होता. ते सतीशला हळूच म्हणाले, "जाऊ दे. पायच पाहा. कॉर्नरवर कोणाचा तरी लागून जाईल."

"नाही काका," सतीश म्हणाला. "आता नाही."

सामना संपायला आला होता तेव्हा सतीशला उजवीकडून चेंडू मिळाला. तो डीमध्ये शिरला. समोर पोहनकर एकटे होते. त्यांचा डावा पाय चेंडूच्या रेषेत होता, भार त्याच पायावर होता. मैदानाच्या त्या टोकाला बसलेल्या सगळ्यांनी ते पाहिलं. सतीशने मान वर केली. त्याच वेळी पोहनकरांनी पाय मागे घेतला. सतीशने मारलं. चेंडू गोलकीपरच्या उजव्या पॅडला घासून फळीवर वाजला. सतीशने सवयीने हात वर केला आणि मागे वळून चालू लागला. बाकीचे त्याच्या अंगावर येऊन पडले तेव्हा तो थांबला.

त्यानंतर भोपाळला आणखी एक कॉर्नर मिळाला. पोहनकरांनी तो मारला आणि आम्ही हरलो.

तो पाय जागेवर राहिला असता तर आम्हाला कॉर्नर मिळाला असता, आणि त्या कॉर्नरचं काय झालं असतं हे दिवसभर सगळ्यांनी पाहिलं होतं. संध्याकाळी पोहनकरांच्या घरी चहाला बरेच लोक जमले. वहिनींनी सगळ्यांसमोर विचारलं, "पाय काहून घेतला हो मागे? दुसऱ्यायले तं लागू द्या म्हणून ओरडून राहिले होते."

"मुंग्या आल्या होत्या पायाले," पोहनकर म्हणाले.

सतीश दाराशी उभा होता. पोहनकरांनी त्याला आत बोलावून त्याच्या स्टिकची पकड पाहिली, पट्टी सैल झाली आहे म्हणाले आणि स्वतः सोडून पुन्हा गुंडाळून दिली. मग ते मिंजबरोबर स्टेशनवर गेले.

स्पर्धा संपली त्या दुपारी शामियान्यातून माइकवर नावं वाचली गेली. गोलकीपर झाले, बॅक झाले, हाफ झाले. फॉरवर्डांमध्ये शेवटचं नाव सतीश उरकुडेचं होतं. शिबिर सोमवारी सकाळी सुरू झालं. सतीश हजर होता.